मुराळी आला नाही

शके १८१३चा आश्विन संपत आलाय. इंग्रजी साल १८९१. तुम्ही पुण्यात आहात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या सोप्यात, अनारशांचं पीठ चाळत बसला आहात. वय सोळा. कपाळावर मेण लावून त्यावर कुंकू रेखलंय, लुगड्याचा पदर कमरेला खोचलाय. दिंडीची कडी वाजली की तुमचे हात थांबतात.

मुराळी यायचाय. दर दिवाळीला वाईहून दादा येतो. ओसरीवर पागोटं उतरवतो, सासूबाईंना वाकून नमस्कार करतो, गूळपाणी होतं, आणि मग घसा खाकरून म्हणतो, "अप्पांनी मूळ पाठवलंय. भाऊबीज झाली की आणून पोचवतो." एवढ्या दोन वाक्यांसाठी सासुरवाशीण वर्षभर राबत असते. आज वसुबारस. उद्या धनतेरस. परवा पहाटे माहेरी आईच्या हातचं तेल डोक्यावर पडायला हवं.

कडी वाजते. टपालवाला असतो. एक पैशाचं कार्ड.

ते मोडीत आहे. तुम्हाला बाळबोध येतं. रात्री समईशी बसून इकडून शिकवणं झालंय, सासूबाईंच्या नकळत. मोडी अजून यायचीय. त्यामुळे कार्ड दिवसभर देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पडून राहतं आणि तुम्ही त्याच्याकडे न बघता घरभर वावरता. रात्री इकडची स्वारी ते वाचून दाखवते. येथील सर्व क्षेम. धाकटीच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. पाहुणे मंडळी जुन्या वळणाची आहेत. या दिवाळीस मूळ पाठविणे सोयीचे दिसत नाही. कळावे, लोभ असावा.

"आणि इथे कडेला, बारीक अक्षरात," ते कार्ड दिव्याशी धरतात, "राग नसावा."

"अक्षर अप्पांचं?"

"दादांचं दिसतंय."

तुमचं नाव इतिहासात नाही, म्हणून मी तुम्हाला ते देत नाही. तुमच्या नवऱ्याचं मात्र छापून आलंय. गेल्या वर्षी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान होतं. ते घडवून आणलं गोपाळराव जोशांनी, म्हणजे अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईंच्या यजमानांनी. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. तुमचे यजमान मागच्या कुठल्याशा रांगेत, मोठ्या माणसांना जवळून बघायला मिळालं या आनंदात. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी चहा आणि बिस्किटं पुढे केली. कुणी प्यायलं, कुणी पेला नुसता हातात धरला, कुणी ओठाला लावून खाली ठेवला. पुढे गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव'कडे दिली. चाळीसहून अधिक नावं. छापलेल्या यादीत पिणारा आणि पेला खाली ठेवणारा असा फरक नव्हता.

पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं: ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेणाऱ्यांना वाळीत टाकायचं. बाळासाहेब नातूंनी फिर्याद शंकराचार्यांपर्यंत नेली, तिकडून चौकशीसाठी दोन शास्त्री नेमले गेले. टिळक ग्रंथांतल्या आधारांवर वाद घालतायत आणि बैठकीत पुरुष त्याच्यावर तासन्‌तास बोलतात. हा वाद इतिहासाच्या पुस्तकांत तुम्ही वाचलेला असेल. ज्या बाजूला तो फारसा लिहिला गेला नाही, तिथे मी तुम्हाला आणलंय: माजघरात.

इथे ग्रामण्याला आवाज नसतो. चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करत फिरणारी बाई शेजारच्या दारात थांबते, मग तुमचं दार सोडून पलीकडच्या दारात. पावलांचा आवाज तुम्ही आतून मोजता. हौदावर तुमची घागर भरेपर्यंत बाकीच्या जरा लांब उभ्या राहतात, कुणी काही बोलत नाही. उलट, "होऊ द्या तुमचं सावकाश," असं अगदी आर्जवाने म्हणतात. भाद्रपदात मामंजींचं श्राद्ध आलं तेव्हा ठरलेले भटजी आजारी पडले. दुसरे गावाला गेले होते. तिसऱ्यांनी निदान खरं सांगितलं: "माझ्याही घरी पोरं आहेत, बाई." शेवटी ब्राह्मणाच्या पाटावर दर्भाचा चट मांडून श्राद्ध उरकलं. 'चटावरचं श्राद्ध' हा शब्द तुम्ही आजवर उरकाउरकीसाठी वापरला असेल. आता त्या चटासमोर वाढलेलं पान बघा, आणि दाराआड तोंडाला पदर लावून उभ्या असलेल्या सासूबाईही बघा. त्या रडतायत ते नवऱ्याच्या आठवणीने नव्हे. तो उपाशी गेला, असं त्यांना खरोखरच वाटतंय.

त्या तुम्हाला बोल लावत नाहीत. चहा त्यांच्या मुलाने घेतलाय. पण तुमच्या अप्पांच्या हिशेबात तो तुम्हीही घेतलाय. धर्मशास्त्रात याला संसर्गदोष म्हणतात: पतिताशी वर्षभर व्यवहार ठेवणारा स्वतः पतित होतो. तुम्ही त्यांच्या ताटात जेवता, त्यांच्या घरात निजता. तुम्हाला दिवाळीला घरात घेतलं की अप्पा बाटले. अप्पा बाटले की धाकटीचं लग्न मोडलं. साथीच्या रोगासारखी ही साखळी आहे, आणि ती तोडायची तर माणसापासूनच लांब राहावं लागतं.

इथे थोडं थांबून एका शब्दाकडे बघा. घटस्फोट. तुमच्या काळात तो नवरा-बायकोच्या कोर्टातल्या काडीमोडाचा शब्द झालाय. मुळात तो नातेवाइकांचा विधी होता. मनुस्मृतीत तो सांगितलाय. जातीतून गेलेला माणूस जिवंत असतानाच त्याच्या सपिंडांनी आणि बांधवांनी, गावाबाहेर, वाईट दिवस बघून, संध्याकाळी, त्याला उदक द्यायचं. पाण्याने भरलेला घट दासीने पायाने लवंडून टाकायचा, मेलेल्यासाठी करतात तसा. मग एक दिवस-रात्र सुतक. त्यानंतर त्याच्याशी बोलणं नाही, एकत्र बसणं नाही, वाटणी नाही. राजाने शिक्षा दिली तर माणूस निदान घरी येऊन रडू शकतो. ही शिक्षा घराच्याच हातून द्यायची असते. ती ज्याने कुणी रचली त्याला माणसांची फार बारीक ओळख होती, असं मला वाटतं, आणि म्हणूनच तिचा मला जास्त राग येतो.

तुमच्या अप्पांनी घट लवंडला नाही. त्यांनी कार्ड पाठवलं.

*

आता दोन वर्षं पुढे चला, आणि त्या अंगातून बाहेर या. १८९३. कोकणातलं मुरूड. जंजिऱ्याचं नव्हे, दापोली तालुक्यातलं. मुंबईहून आगबोटीने हर्णै, बंदराबाहेर बोटीतून पडावात उतरायचं, मग किनाऱ्याकाठाने पायी. पोफळीच्या आगरांमधून वाळूची वाट, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, मागे समुद्राचा आवाज. तुम्ही आता पुरुष आहात, चाळिशीचे, अंगावर उपरणं. तुम्हाला दोन मुली आहेत, एक दहाची, एक आठची. दोघी अजून उजवायच्या आहेत. गावात बैठक भरलीय आणि तुम्ही खांबाला टेकून बसला आहात.

विषय आहे धोंडोपंत कर्वे. त्यांना तुम्ही लहानपणापासून ओळखता. परीक्षेला बसायचं म्हणून हा मुलगा इथून घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला होता, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्याला परत पाठवलं होतं. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पुढे मुंबईत शिकला, पदवीधर झाला, आणि नोकरीला बाहेर पडलेल्या मुरूडकरांकडून पैसे गोळा करून त्याने गावासाठी 'मुरूड फंड' उभा केला. आता पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवतो. त्याची बायको राधाबाई दोन वर्षांपूर्वी गेली. पोर लहान. दुसरं लग्न तो करणारच होता, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. गावातली कुणीही दहा-अकरा वर्षांची पोर त्याला आनंदाने दिली असती. कदाचित तुम्हीही.

११ मार्चला त्याने लग्न केलं ते देवरुखच्या जोशांच्या गोदूशी. गोदू आठव्या वर्षी लग्न होऊन तीन महिन्यांत विधवा झालेली. केशवपन झालेलं. पुढे मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. आता तिचं नाव आनंदी. केस वाढलेत, कपाळाला कुंकू आहे.

विधवेचं लग्न कायद्याने चालतं, हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो कायदा होऊन सदतीस वर्षं झालीत. पण पानाला पान लावून बसायला कुठलं सरकार कुणाला भाग पाडणार? ठराव होतात. कर्व्यांशी कुणी व्यवहार ठेवू नये. ते असतील त्या सभेला कुणी बसू नये. या दोन्हींना तुम्ही मान डोलावता. त्यात तुमचं काही जात नाही, ते पुण्यात राहतात. मग तिसरा येतो. ते गावात आले आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं, तर घरच्यांनाही वाळीत टाकावं.

या तिसऱ्याशी मी तुम्हाला जरा वेळ बसवून ठेवणार आहे, कारण मुरूडची सगळी गोष्ट त्यात आहे. पहिले दोन ठराव धोंडोपंतांसाठी होते आणि त्यांनी धोंडोपंतांचं फारसं बिघडलं नसतं. तिसरा त्यांच्या म्हाताऱ्या आईसाठी आहे. थोरल्या भावासाठी, बहिणीसाठी. गाव स्वतः दार लावत नाही. दाराला आतून कडी घालायचं काम आईकडे देतं. तिने कडी घातली नाही तर उद्या तिच्या घरी श्राद्धाला कुणी नाही, मुंजीला कुणी नाही, नातवंडांना स्थळं नाहीत. आणि घातली, तर गावाने काहीच केलं नाही. जे केलं ते आईने.

तुमच्या शेजारचे आबा हळूच म्हणतात, "धोंडो वाईट नाही हो. पण आमच्या पोरी अजून उजवायच्यात."

तुम्ही हं म्हणता. तुमच्या थोरलीचं गुहागरला बोलणं लावायचंय. चित्पावनांची घरं किती, किनाऱ्यावरची गावं किती, सगळी एकमेकांत विणलेली. इथे एक धागा काढला की तिकडे गुहागरला वीण सुटते. तुम्हाला धोंडोपंतांचा राग नाही. त्या बाईला तुम्ही पाहिलंही नाही. तिचं वाईट व्हावं असं तुमच्या मनात कधी आलेलं नाही. ठरावावर तुमचं 'हो' पडतं ते घरी झोपलेल्या दोन पोरींसाठी, आणि ते प्रेमच आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. तुमच्यासारख्या शंभर प्रेमळ बापांनी मिळून हे केलं. दुष्ट माणूस शोधायला मी तुम्हाला इथे आणलं असतं तर रिकाम्या हाताने परत न्यावं लागलं असतं.

कर्वे गावात येत राहिले. पण आई, भाऊ, बहीण यांच्या पंगतीला बसायचं सुख त्यांना पुढे कितीतरी वर्षं मिळालं नाही. १९१५च्या 'आत्मवृत्ता'त त्यांनी हे दिवस नोंदले, आणि आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, आपल्या 'माझे पुराण'मध्ये स्वतःची बाजू सांगितली. दोन्ही पुस्तकं मिळवून वाचा, त्यात कुणालाही शिव्याशाप नाहीत. कर्व्यांनी उत्तर दिलं ते कामातून. लग्नाच्याच वर्षी, १८९३च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, वर्ध्याला विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळ निघालं आणि कर्वे त्याचे चिटणीस झाले. त्या मंडळाने सभासदाची व्याख्या काय केली बघा. पुनर्विवाह केलेल्यांच्या पंगतीला उघडपणे बसायला जो तयार, तो सभासद. ज्याला नुसती सहानुभूती वाटते तो सहानुभूतीदार, त्याची यादी वेगळी. मुरूडच्या खांबाला टेकून बसलेल्या तुमच्यासारख्यांना त्यांनी नीट ओळखलं होतं.

आणि इथेच वाईच्या कार्डाचा आणि मुरूडच्या ठरावाचा फरक मला दिसतो. चहाला प्रायश्चित्त होतं. क्षौर करायचं, पंचगव्य घ्यायचं, दक्षिणा द्यायची, संपलं. ज्या मनुस्मृतीने घट लवंडायला सांगितला तिनेच परतीची वाटही ठेवलीय: प्रायश्चित्त झाल्यावर बांधवांनी त्याच्यासह पवित्र पाण्यात स्नान करावं आणि एक नवा भरलेला घट त्या पाण्यात टाकावा. पण कर्व्यांचा डाग म्हणजे एक जिवंत बाई होती. त्यांचं प्रायश्चित्त म्हणजे बायाला टाकणं. आईच्या पानाशेजारी त्यांची जागा राखलेली होती, आणि तिची किंमत होती ही एक बाई. त्यांनी ती मोजली नाही. एकत्र राहणं सत्तावन्न वर्षं चाललं, १९५०च्या नोव्हेंबरात बाया गेल्या तोवर. पुढे गाव निवळलं, देशाने १९५८ साली शंभर वर्षांच्या कर्व्यांना भारतरत्न दिलं. आई मात्र त्याच्या फार आधी गेली होती.

परतीच्या वाटेवर २०१६ साल लागतं, खिडकीतून बघून घ्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केलाय, पुढच्या वर्षी तो लागू होईल. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो करावा लागला, कारण याच कोकणातल्या गावांतून, रायगडातून, रत्नागिरीतून, माणसं तक्रारी घेऊन येत होती: मुलाने जातीबाहेर लग्न केलं, गावकीने वाळीत टाकलं, सख्ख्या भावाने घरी यायचं सोडलं. कायदा चांगला आहे, हवाच होता. न आलेल्या मुराळ्यावर मात्र त्याचं कलम लागत नाही.

*

आता मागे, १८९२च्या ज्येष्ठात. पुन्हा सदाशिव पेठ, पुन्हा तेच लुगडं.

ग्रामण्य मिटत चाललंय. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला त्याची गरज वाटत नसताना, मित्रांच्या घरातले हाल बघून घेतलं, आणि सुधारकांचे टोमणे मुकाट्याने सोसले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत याबद्दल लिहिलंय. त्या दिवशी त्यांना स्वतःला ते आवडलं नव्हतं. लांबून, सव्वाशे वर्षांनी, रानड्यांना कच खाल्ली म्हणणं सोपं आहे. मी आत्ता तुमच्या माजघरात उभा आहे आणि मला ते म्हणवत नाही.

तुमच्याही घरी ते झालं. इकडच्या स्वारीने मिशी उतरवली, पंचगव्य घेतलं, आणि दोन दिवस कुणाशी बोलणं केलं नाही. तिसऱ्या रात्री मोडीचा धडा पुन्हा सुरू झाला.

दिंडीची कडी वाजते. दादा. वाळलाय. ओसरीवर पागोटं उतरवतो, सासूबाईंना वाकून नमस्कार करतो. गूळपाणी होतं.

"अप्पांनी मूळ पाठवलंय. आंबे उतरलेत. चार दिवस राहून आणून पोचवतो."

धाकटीचं लग्न वैशाखात झालं. मांडवात वरमायांना पाय धुवायला पाणी कुणी घातलं, रुखवतावर काय काय होतं, ती निघताना कुणाच्या गळ्यात पडली, हे सगळं तुम्ही आता दादाकडून ऐकाल. तो सांगेलही, वाटेत, तुकड्यातुकड्यांनी, तुमच्याकडे न बघता.

तुम्ही आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधता. कोनाड्यातलं कार्ड काढता. आता ते तुम्हाला वाचता येतं, अडखळत, पण येतं. ते घेऊनच बाहेर येता.

"हे तू लिहिलंस?"

दादा कार्डाकडे बघतो. "अप्पा सांगत होते. मी लिहीत होतो."

"आणि हे? कडेचं?"

सासूबाई आत गेल्यात. अंगणात चिमण्यांनी तांदूळ वेचायला सुरुवात केलीय. दादा पागोटं डोक्यावर ठेवतो, सारखं करतो, पुन्हा काढतो.

"हे अप्पांनी सांगितलं नव्हतं," तो म्हणतो, आणि खाली वाकून तुमचं गाठोडं उचलतो.